न्यू जर्सीत गळ टाकायचाय? पाहुण्यांच्या लायसन्स सेवेचं परीक्षण, ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ठाण्या-नवी मुंबईतून दरवर्षी उन्हाळ्यात कितीतरी आई-वडील पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामाला मुलांकडे अमेरिकेत जातात. कोलशेतच्या खाडीवर, वाशीच्या खाडीकाठी किंवा दिवाळ्याच्या जेट्टीवर गळ टाकून बसायची सवय असलेले त्यांच्यात बरेच असतात. तिकडे घरापासून दहा मिनिटांवर तळं असतं, नातवंडांना सुट्टी असते, जावयाने हौसेने रॉड आणून ठेवलेला असतो. अडतं ते लायसन्सवर. आपल्याकडे खाडीवर हातगळ घेऊन बसलेल्याला सहसा कुणी कागद विचारत नाही. तिथे हौसेच्या मासेमारीलाही सरकारी लायसन्स लागतं, ते प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, आणि बाहेरून आलेल्याला त्याचा दरही वेगळा लागतो.

एडिसन, इसेलिन, जर्सी सिटी या पट्ट्यात आपली माणसं भरपूर आहेत, म्हणून हे परीक्षण न्यू जर्सीच्या 'फिश अँड वाइल्डलाइफ' खात्याच्या ऑनलाइन लायसन्स विक्रीचं आहे. बाकीच्या दोन-तीन राज्यांचं थोडक्यात शेवटाकडे लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. सेवा चांगली आहे. सगळी माहिती हाताशी असेल तर पाव तासात काम होतं, दर वाजवी आहेत, आणि घरच्या प्रिंटरवर छापलेला कागद चालतो. मार्क कापावे लागतात ते एकाच गोष्टीसाठी. तुम्ही जे निवडाल ते ही सेवा तुम्हाला विकते. कुठे बसणार, काय पकडणार, किती दिवस राहणार, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे पैसे भरूनही चुकीचा कागद हातात पडलेले पाहुणे खूप. आधी पाणी ठरवा, मग मासा, मग दिवस. हे तिन्ही पक्कं झाल्याशिवाय खरेदीच्या पानावर जाऊच नका.

पाणी गोडं की खारं

न्यू जर्सीत गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या १६ आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येक पाहुण्याला लायसन्स लागतं. तळी, धरणं, नद्या, कालवे सगळे त्यात आले. समुद्र आणि खाड्यांसाठी मात्र लायसन्सच नाही. त्याऐवजी २०११ पासून खाऱ्या पाण्याची एक नोंदणी आहे, ती पूर्ण मोफत आणि ऑनलाइन होते. दरवर्षी नव्याने करावी लागते आणि ३१ डिसेंबरला संपते. समुद्रावर हौशी मासेमारी करणारे नेमके किती, ते काय आणि किती पकडतात, याचं सर्वेक्षण करायला केंद्र सरकारला नावं-पत्ते हवे असतात, त्यासाठी ही नोंदणी. पैसे लागत नाहीत म्हणून ती ऐच्छिक आहे असं समजू नये. बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून आलेल्यांनीही ती करायचीच आहे.

गल्लत होते ती इथेच. मुक्काम किनाऱ्याजवळ, जायचं समुद्रावर, आणि वडिलांसाठी मुलाने ३४ डॉलरचं गोड्या पाण्याचं लायसन्स काढून ठेवलेलं असतं. ते समुद्रावर कामाचं नाही. उलटंही होतं: मोफत नोंदणीचा कागद खिशात घालून माणूस तळ्यावर जाऊन बसतो.

नदीच्या मुखाकडे गोडं कुठे संपतं आणि खारं कुठे सुरू होतं, हे पाणी चाखून ठरत नाही. खात्याने प्रत्येक नदीवर एक पूल किंवा बंधारा सीमा म्हणून ठरवला आहे. खातं दरवर्षी 'डायजेस्ट' नावाची नियमपुस्तिका काढतं. गोड्या पाण्याची वेगळी, समुद्राची वेगळी, दोन्ही खात्याच्या साइटवर फुकट मिळतात. ही नदीनिहाय यादी त्यात आहे. ठाण्यात बसून निवांत वाचण्यासारखी खरी गोष्ट हीच. लायसन्स विमानतळावरून घरी जाताना फोनवरही काढता येईल.

डेलावेअर नदीवर जाणार असाल तर एक सोय लक्षात ठेवा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्या मधल्या नदीपात्रात दोन्हींपैकी कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं. पात्र सोडून पलीकडच्या ओढ्यात शिरलात की त्या राज्याचं लायसन्स हवं.

दर आणि हिशेब

न्यू जर्सीबाहेरच्या माणसाला तीन पर्याय आहेत: सलग २ दिवसांचं ९ डॉलर, सलग ७ दिवसांचं सुट्टीचं १९.५० डॉलर, आणि वर्षाचं ३४ डॉलर. रहिवाशाला वर्षाचे २२.५० पडतात. दर बदलू शकतात, म्हणून भरायच्या दिवशीचं पान बघून घ्या.

दोन आठवडे वेगवेगळ्या वेळी बसायचं असेल तर ७ दिवसांची दोन लायसन्सं ३९ डॉलरला पडतात. म्हणजे वर्षाचं ३४ डॉलरचं त्याहून स्वस्त. लांबच्या मुक्कामाला आलेल्या आजोबांनी सरळ वर्षाचं घ्यावं. पण 'वर्षाचं' म्हणजे घेतल्यापासून बारा महिने नव्हे. न्यू जर्सीचं लायसन्स १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं कॅलेंडरच्या वर्षाचं असतं. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये गेलात आणि वर्षाचं घेतलंत तर पैसे सहा-सात आठवड्यांत वाया. तेव्हा २ किंवा ७ दिवसांचंच बरं.

आता ज्येष्ठ नागरिकांविषयी, कारण आपल्याकडून जाणारे बहुतेक त्याच वयाचे. न्यू जर्सीत ६५ ते ६९ वयाच्या रहिवाशाला कमी दर आहे आणि ७० पुढच्या रहिवाशाला लायसन्स लागतच नाही. ही सवलत फक्त रहिवाशांना आहे. ठाण्याहून आलेल्या ७४ वर्षांच्या आजोबांनाही पूर्ण दराने पाहुण्याचंच लायसन्स लागतं. 'सहा महिने तर राहतोच आहोत, मग रहिवासी का नाही?' असं अनेकजण विचारतात. रहिवासी ठरायला लगोलग आधीचे सहा महिने तिथे खरं वास्तव्य आणि तिथेच कायमचं घर असावं लागतं. पर्यटक व्हिसावर आलेल्याचं घर नौपाड्यात किंवा खारघरला असतं, मुलाच्या पत्त्यावर नव्हे. फॉर्मवर रहिवासी म्हणून टिक केली तर ते सरकारला दिलेलं खोटं निवेदन होतं. ११-१२ डॉलर वाचवायला व्हिसावर आलेल्या माणसाने हा धोका घेऊ नये.

ट्राउटचं वेगळं

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. तो पकडायचा असेल तर लायसन्सवर ट्राउट स्टॅम्प, म्हणजे वेगळा जादा परवाना, लागतो. पाहुण्याला तो २० डॉलरला पडतो, म्हणजे २ दिवसांच्या लायसन्सच्या दुपटीहून जास्त. कारणही आहे. ट्राउट बहुतांशी खात्याच्या पेक्वेस्ट हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवून नद्या-तळ्यांत सोडले जातात, आणि स्टॅम्पचे पैसे त्या खर्चाला हातभार लावतात. स्टॅम्प वर्षाचा असतो, एकदाच घ्यायचा. हिशेब असा: ७ दिवस अधिक स्टॅम्प ३९.५० डॉलर, वर्षाचं अधिक स्टॅम्प ५४ डॉलर. एप्रिल-मेमध्ये मुक्काम असेल तर वर्षाचंच घ्या. जुलै-ऑगस्टला जात असाल तर स्टॅम्पवर पैसे घालू नका. पाणी तापलं की ट्राउट सुस्तावतो, सखल भागातल्या तळ्यांत टिकतही नाही. तेव्हा बास, सनफिश, कॅटफिश यांच्या मागे लागावं. त्यांना स्टॅम्प लागत नाही, आणि नातवंडांसोबत पहिल्यांदा बसायला सनफिशसारखा मासा नाही. गांडुळाचा तुकडा, छोटा हुक, तरंगणारा बुचा, एवढ्यावर तासाभरात चार-पाच तरी लागतात.

ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीच्या एखाद्या शनिवारी सकाळी ८ वाजता उघडतो. तारीख दरवर्षी जाहीर होते. त्याआधीचे काही आठवडे मासे सोडलेल्या पाण्यांवर निर्बंध असतात, ते डायजेस्टमध्ये पाहून घ्या. उघडल्यापासून ३१ मेपर्यंत दिवसाला ६ ट्राउट घेता येतात, नंतर ४.

फॉर्म भरताना

खात्याच्या सरकारी पानावरूनच विक्रीच्या साइटवर जा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही असलेलं पान आधी उघडायचं आणि तिथल्या लायसन्सच्या दुव्यावर टिचकी मारायची. सर्च केल्यावर वरती जाहिरातीत येणाऱ्या साइटवर थेट जाऊ नका. दिसायला सरकारी वाटणाऱ्या काही खासगी साइट जास्तीचं शुल्क लावतात, काही तर फक्त 'लायसन्स कसं काढावं' याची पुस्तिका विकतात. पैसे जातात आणि लायसन्स मिळत नाही.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्या नावाचे तीन भाग इथे घोळ घालतात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिथल्या फॉर्मवर फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने असतात. स्वतःचं नाव फर्स्टमध्ये, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मिडलमध्ये, आडनाव लास्टमध्ये. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पुढच्या वर्षी रेकॉर्ड सापडायला अडचण येऊ शकते. जन्मतारीख आधी महिना, मग दिवस, मग वर्ष अशी लिहायची. ५ ऑगस्ट हे ८/५ असं जाईल. हौसेने भराभर भरताना ही चूक हमखास होते, आणि ती छापल्यावर लक्षात येते.

बहुतेक राज्यं उंची फूट-इंचांत, वजन पाउंडांत, डोळ्यांचा आणि केसांचा रंगही विचारतात. पाणवठ्यावर अधिकाऱ्याला माणूस ओळखता यावा म्हणून. १६८ सेंटिमीटर म्हणजे ५ फूट ६ इंच. किलोला २.२ ने गुणलं की पाउंड, म्हणजे ७० किलोचे १५४. पत्ता मुलाकडचा टाकला तरी चालतो, पण तो टपालाचा पत्ता म्हणून. राहण्याच्या स्थितीत 'नॉन-रेसिडेंट' असायलाच हवं. दोन्ही रकाने एकमेकांविरुद्ध बोलत असल्यासारखे वाटतात, तरी ते बरोबर आहे.

सगळ्यात जास्त माणसं थबकतात ती सोशल सिक्युरिटी नंबरच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नऊ आकडी ओळख क्रमांकाच्या, रकान्यापाशी. मासे पकडायला हा नंबर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने राज्यांना ड्रायव्हिंग, व्यवसाय, लग्न आणि करमणूक अशा सगळ्या प्रकारच्या परवान्यांच्या अर्जांवर हा नंबर नोंदवायला लावलं आहे. मुलांच्या पोटगीची थकबाकी ठेवणाऱ्या पालकांना शोधता यावं, हा त्यामागचा हेतू. हौसेची मासेमारी करमणुकीच्या परवान्यात मोडते. पर्यटक व्हिसावर आलेल्याकडे असा नंबर नसतोच. नंबर नसल्याचा पर्याय निवडायचा आणि ओळख म्हणून पासपोर्ट क्रमांक द्यायचा. मुलीचा किंवा जावयाचा नंबर टाकू नका, आधारचे आकडे टाकू नका, नऊ शून्यं तर मुळीच नकोत. मुलाचा नंबर टाकला की लायसन्स त्याच्या रेकॉर्डला चिकटतं आणि पुढे त्याचं स्वतःचं काढताना गोंधळ होतो. ऑनलाइन फॉर्म या रकान्यावर अडून बसला तर वेळ घालवू नका. पासपोर्ट घेऊन लायसन्स एजंटकडे जा. आमिष आणि रॉड विकणारी छोटी दुकानं, मोठी क्रीडासाहित्याची दुकानं, काही वॉलमार्ट यांच्या काउंटरवर हे काम होतं. एजंटांची यादी खात्याच्या साइटवर आहे. आमिषाच्या दुकानात गेलात तर फायदा दुहेरी: जवळच्या तळ्यात सध्या काय लागतंय हे दुकानदार आपणहून सांगतो.

पहिलं लायसन्स निघालं की एक कॉन्झर्व्हेशन आयडी क्रमांक मिळतो. तो पासपोर्टच्या झेरॉक्सवरच लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तो आणि जन्मतारीख टाकली की जुनं रेकॉर्ड उघडतं, सगळं पुन्हा भरावं लागत नाही.

सुरू होण्याची तारीख नीट निवडा. २ आणि ७ दिवसांची लायसन्सं सलग दिवसांची असतात, मध्ये पाऊस पडला म्हणून एक दिवस वाढवून मिळत नाही. ठाण्यातून भरणाऱ्यांनी घड्याळाचाही विचार करावा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. इथे सकाळचे ८ वाजलेले असताना तिथे आदल्या दिवसाच्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. 'आजपासून' निवडलंत तर एक दिवस झोपेतच गेला.

पैसे भरताना

इथलं कार्ड नाकारलं जाण्याची दोन ठरलेली कारणं आहेत. एक, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आपणच सुरू करायचे असतात आणि मर्यादाही घालायची असते. दोन, तिथली साइट कार्डधारकाचा पाच आकडी झिप कोड मागते आणि तो बँकेच्या नोंदीशी ताडून बघते. आपला पिनकोड सहा आकडी. ४००६०२ त्या चौकटीत मावत नाही, आणि मुलाकडचा झिप टाकला तर तो बँकेकडच्या पत्त्याशी जुळत नाही. कार्डात काही बिघाड नसतो. चार-पाच वेळा तेच कार्ड रेटू नका, बँक संशय घेऊन ते बंद करते. मुलाचं किंवा सुनेचं तिथलं कार्ड वापरणं सगळ्यात सोपं. पैसे कुणीही भरले तरी लायसन्स ज्याच्या नावाने काढलं त्याचंच असतं. इथल्या कार्डावर वरून परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही वाचतो.

पीडीएफ आली की लगेच दोन प्रती छापून घ्या आणि सही करा. एक पाकिटात, एक रॉडच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये घालून.

चिंबोऱ्या, बास आणि शिंपल्या

खाडीकाठच्या माणसाला तिथे खरा आनंद ब्ल्यू क्रॅबचा. चवीला आपल्या चिंबोरीच्या जवळचा, जुलै ते सप्टेंबर भरपूर लागतो. दोरीला कोंबडीची तंगडी बांधून पाण्यात सोडायची, ताण जाणवला की हळूहळू ओढायचं आणि खालून जाळीची पळी लावायची. या हातदोरीला आणि मिटणाऱ्या छोट्या पिंजऱ्यांना न्यू जर्सीत लायसन्स लागत नाही. तारेच्या न मिटणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांना मात्र वेगळं लायसन्स आहे. दिवसाला माणशी एक बुशेल, म्हणजे साधारण ३५ लिटरची पाटी भरेल एवढे घेता येतात.

मापाची गोष्ट नीट समजून घ्या. कडक कवचाचा खेकडा किमान साडेचार इंच, म्हणजे ११.४ सेंटिमीटर हवा, आणि तो पाठीच्या आडव्या रुंदीवर मोजतात. कवचाच्या दोन्ही बाजूंना जी सगळ्यात लांब अणकुचीदार टोकं असतात, त्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे-मागे मोजलं तर कुठलाच खेकडा बसणार नाही. मग उलटा करून पोट बघायचं. पोटाखाली बाहेर नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचा स्पंजासारखा गोळा दिसला की ती मादी जागच्या जागी पाण्यात सोडायची, कितीही मोठी असो. आपल्याकडे लाखेच्या, म्हणजे पोटात अंडी भरलेल्या, चिंबोरीला भाव असतो, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं. बाहेर अंडी असलेली एक मादी बादलीत सापडली तरी कारवाई होते.

याहून गंभीर गोष्ट जागेची. न्यूअर्क बे, आर्थर किल, किल व्हॅन कल, आणि हॅकेन्सॅक व पसाइक नद्यांचा भरती-ओहोटीचा भाग, या सगळ्या पाण्यात खेकडे पकडायला आणि खायला बंदी आहे. जुन्या रासायनिक कारखान्यांतून आलेलं डायॉक्सिन हे विषारी रसायन तिथल्या गाळात बसलं आहे आणि ते खेकड्यांच्या अंगात साठतं. शिजवून ते जात नाही. जर्सी सिटी किंवा एलिझाबेथला राहणाऱ्यांच्या घराजवळचं पाणी नेमकं हेच असतं. खेकड्यांसाठी गाडी काढून दक्षिणेला बार्नेगट बेकडे जा. माशांसाठीही पाण्यानुसार किती खावं याचा सल्ला खात्याने दिला आहे. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी तो पाळावाच.

वसंतात रॅरिटन बेमध्ये येणारा स्ट्राइप्ड बास जिताड्यासारखाच खाडीतून नदीत चढणारा मासा आहे. त्याच्यासाठी मोफत नोंदणी पुरते, पण नियम कडक आहेत: दिवसाला एकच मासा, आणि तो २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतला. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही सोडायचे. मोठ्या माद्या खूप अंडी घालतात, त्या वाचाव्यात म्हणून वरची मर्यादा आहे. खरं आमिष लावणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, सक्तीचा आहे, तोही सपाट, म्हणजे टेबलावर ठेवला तर पूर्ण टेकणारा. इथून नेलेले नेहमीचे गळ त्याला चालत नाहीत. सर्कल हुकला आपला हिसडाही चालत नाही. मासा ओढायला लागला की हिसडा न देता दोरी गुंडाळत राहायची, हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसडा दिलात तर आमिषासकट तोंडातून बाहेर येतो. बाकी समुद्री माशांची मापं आणि तारखा बऱ्याचदा वर्षागणिक बदलतात. गेल्या वर्षीचा मित्राचा सल्ला उपयोगाचा नाही, चालू वर्षाचं डायजेस्टच बघा.

शिंपल्या काढायच्या असतील तर त्यांचं लायसन्स स्वतंत्र आहे आणि ठिकाणंही ठरलेली आहेत. पाग टाकण्याचे नियमही गळापेक्षा वेगळे आहेत. कुणी दिलेला पाग सवयीने पाण्यावर फेकू नका.

एखाद्या दिवसाचीच हौस असेल तर लायसन्स, नोंदणी कशातच पडू नका. बेलमार, पॉइंट प्लेझंट, अटलांटिक हायलँड्स इथून पार्टी बोटी सुटतात. माणशी पैसे घेतात, रॉड आणि आमिष बोटीवर मिळतं, आणि खाऱ्या पाण्याची नोंदणी बोटीची असल्याने प्रवाशांना वेगळी करावी लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमची पहिली शिफारस हीच.

काठावर

कॉन्झर्व्हेशन पोलीस ऑफिसर गणवेशात येतो, लायसन्स आणि ओळखपत्र मागतो, बादली आणि शीतपेटी बघतो. शांतपणे दाखवायचं, एवढंच. पासपोर्टची झेरॉक्स जवळ असू द्या, मूळ पासपोर्ट पाण्याकाठी नेऊ नका. नातवंडं १६ वर्षांखालची असतील तर त्यांना लायसन्स नको. पण नातवाचा रॉड आजोबांनी हातात घेऊन दोरी फेकली, मासा खेचला, की आजोबाही मासेमारी करतायत असं धरलं जातं. 'मी फक्त मदत करत होतो' हे तिथे टिकत नाही. आणि पकडलेला मासा विकायचा नाही, शेजारच्या ओळखीच्यालाही नाही.

इतर राज्यं थोडक्यात

कॅलिफोर्नियाची सेवा पाहुण्यांसाठी न्यू जर्सीपेक्षा सरस आहे. २०२३ पासून तिथलं वर्षाचं लायसन्स घेतलेल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, त्यामुळे कधीही गेलात तरी पैसे वाया जात नाहीत. एक-दोन दिवसांची लायसन्सं आहेत, पाहुण्यांसाठी दहा दिवसांचंही आहे. समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यावरून, म्हणजे पिअरवरून, गळ टाकायला लायसन्सच नको. मात्र शेजारच्या खडकांवर किंवा वाळूवर उतरलात की हवं. मापं-मर्यादा पिअरवरही लागू. खडकांवरची शिणाणी बघून मोह होईल, पण १ मे ते ३१ ऑक्टोबर ती खाण्यासाठी काढायला बंदी असते. त्या महिन्यांत त्यांच्यात सूक्ष्म शेवाळातून आलेलं विष साठलेलं असू शकतं आणि उकळूनही ते नाहीसं होत नाही.

टेक्सासमध्ये लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. जुलैमध्ये वर्षाचं घेणं चूक. पाहुण्यांना एका दिवसाचं, सगळ्या पाण्यांना चालणारं १६ डॉलरचं लायसन्स सोयीचं पडतं. तिथल्या स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला तर लायसन्स लागतच नाही, फक्त पार्कचं प्रवेशशुल्क. सहकुटुंब जायला याहून सोपं राज्य आम्हाला माहीत नाही.

फ्लोरिडात गोड्या आणि खाऱ्या पाण्याची लायसन्सं वेगवेगळी. पाहुण्याला प्रत्येकी ३ दिवसांचे १७, ७ दिवसांचे ३० आणि वर्षाचे ४७ डॉलर. किनाऱ्यावरून टाकण्याचं मोफत लायसन्स फक्त रहिवाशांना मिळतं, पाहुण्याने ते काढू नये. चार्टर, म्हणजे भाड्याच्या, बोटीवर बोटीच्याच लायसन्समध्ये प्रवासी येतात.

यलोस्टोन बघायला जाणाऱ्यांनी राज्याचं लायसन्स घेऊच नये. तिथे नॅशनल पार्कचा स्वतःचा परवाना लागतो आणि हुकचे काटे दाबलेले असावे लागतात. शेजारच्या ग्रँड टिटनमध्ये उलट आहे, तिथे वायोमिंग राज्याचंच लायसन्स हवं. एकाच सहलीत दोन्ही बघितली जातात, म्हणून हा फरक ध्यानात ठेवा.

इतकं सगळं करावं की नाही हे ज्यांचं ठरत नाही, त्यांच्यासाठी न्यू जर्सीत वर्षातून दोन मोफत दिवस असतात, एक जूनमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये. त्या दिवशी गोड्या पाण्यात लायसन्स नको, ट्राउट स्टॅम्पही नको. मापं आणि मर्यादा मात्र त्याच. तारखा खात्याच्या साइटवर जाहीर होतात. तिकिटं काढण्याआधीच त्या पाहून ठेवा, आणि त्या दिवशी तळ्यावर सकाळी लवकर पोहोचा, कारण काठावरच्या चांगल्या जागा पहिल्या तासातच भरतात.